औषधाची परीक्षा आणि जखमेचा दोष

जखम भरून आणणाऱ्या औषधाची परीक्षा जखमेवरच घ्यावी लागते. जखमा जगात भरपूर असतात, पण त्या एकसारख्या नसतात. एकाचा विळ्याने कापलेला अंगठा, दुसऱ्याची सायलेन्सरला भाजलेली पोटरी, तिसऱ्याच्या तळपायाचे मधुमेहाने चिघळलेले जुने क्षत, या तिन्हींवर एकच लेप लावून लेपाचा गुण ठरवता येत नाही. तुलना करायची तर एकाच मापाच्या, एकाच खोलीच्या, एकाच दिवशी झालेल्या जखमा लागतात. तशा जखमा आपोआप मिळत नाहीत, त्या कराव्या लागतात. म्हणून वनस्पतीचा अर्क जखमेवर तपासण्याच्या बहुतेक प्रयोगांची सुरुवात जाणूनबुजून केलेल्या जखमेने होते, आणि ती ज्याच्या अंगावर होते त्या जिवाला तिचा काहीही लाभ नसतो.

सुश्रुताने व्रणाचे दोन प्रकार मानले आहेत. शरीरातल्या दोषांमुळे आतून होणारा तो शारीर, आणि शस्त्र, दात, नख, पडणे-आपटणे यांनी बाहेरून होणारा तो आगंतु. प्रयोगशाळेतली जखम कारणाने आगंतु असली तरी हेतूने वेगळी आहे. ती ना अपघाताने होते, ना वैराने, ना उपचारासाठी. ती काहीतरी कळावे म्हणून केली जाते. तिच्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला ज्ञानाचा: जे कळावे म्हणून ही जखम केली, ते आधीच कळलेले नव्हते का? दुसरा धर्माचा: कळण्यासाठी केलेल्या हिंसेचा दोष लागतो का? हे प्रश्न सहसा वेगवेगळे चर्चिले जातात, पण दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर टांगलेले आहे. जुन्या ग्रंथाचा किंवा आजीचा शब्द पुरेसा प्रमाण असेल तर उंदराच्या पाठीवरची जखम विनाकारण ठरते. पुरेसा नसेल तरच तिचे समर्थन करण्याचा विचार तरी सुरू होऊ शकतो.

एका जुन्या जखमेपासून सुरुवात करू. बेंगळुरूच्या उत्तरेला, आजच्या विमानतळाला लागून, देवनहळ्ळी आहे. तिथल्या किल्ल्याच्या परिसरात टिपू सुलतानाचा जन्म झाला, आणि तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, 1791 मध्ये, कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो किल्ला घेतला. याच युद्धातली एक जखम पुढे जगाच्या वैद्यकात नोंदली गेली. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी लेखात त्याचे नाव कावसजी असे आले आहे. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

वर्णन बारकाईचे आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा, ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिथूनच येते. कातडी पिळून खाली वळवायची, थोटकाला पाडलेल्या खाचेत तिची कड बसवायची, आणि पाण्यात मऊ केलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. मधली जोडपट्टी कापायची ती तीनेक आठवड्यांनी, कातडीने नव्या जागी जीव धरल्यावर.

कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क. लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, पाणी आटवून, खाली बसणारा साका वाळवला की कात होतो. विड्यात रंग आणणारा आणि जीभ आकसवणारा हाच पदार्थ. त्यातली टॅनिन द्रव्ये प्रथिनांना बांधतात, म्हणून ओल्या जखमेवर त्याचा पातळ पापुद्रा धरतो. कोकणातल्या कातकरी समाजाला त्याचे नाव याच कामावरून मिळाले. पुण्याच्या कारागिराने जे वापरले तो शब्दशः औषधी वनस्पतीचा अर्क होता, आणि त्याची कसोटी माणसाच्या कपाळावर लागली. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत काढा, कल्क, तेल, तूप यांच्याबरोबर ‘रसक्रिया’, म्हणजे काढा आटवून केलेला घट्ट अर्क, हीदेखील आहे.

कावसजीच्या चेहऱ्यावर अशा दोन जखमा झाल्या. एक नाकाची, शिक्षा म्हणून झालेली. दुसरी कपाळाची, त्याच्याच भल्यासाठी केलेली. धारदार शस्त्र, फाटलेली कातडी आणि रक्त दोन्हींत सारखेच, पण पहिली हिंसा आहे आणि दुसरी नाही, याबद्दल कुणालाही शंका येत नाही. प्रयोगशाळेतली जखम तिसरी: तिच्यात द्वेष नाही, आणि जखमीचे भलेही नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने सगळी अडचण याच तिसऱ्या जखमेची आहे.

आधी ज्ञानाचा प्रश्न.

पुण्याच्या कारागिराला काताचे ज्ञान कुठून आले? वडिलांकडून, आणि हाताखालून गेलेल्या माणसांकडून. त्याच्यासमोर पोथी असल्याचा उल्लेख नाही. चरकाने अशा ज्ञानाला ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात जागा दिली आहे: औषधींची नावे आणि रूपे शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गवळी आणि वनात राहणारे लोक जाणतात. लगेच पुढे मर्यादाही सांगितली आहे, की नावरूप कळले म्हणजे वापर कळला असे होत नाही. न जाणलेले औषध विष, शस्त्र आणि आगीसारखे, आणि जाणलेले अमृतासारखे. हे ‘जाणणे’ कशाने घडते? चरकाची उत्तरे चार आहेत: आप्ताचा उपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. युक्ती म्हणजे अनेक कारणे एकत्र आली की कोणता परिणाम होईल ते ओळखणारी बुद्धी. नांगरट, पाणी, बी आणि ऋतू जुळले की पीक येते, हे शेतकऱ्याला जसे दिसते तसे.

सुश्रुताची भूमिका पहिल्या वाचनात नेमकी उलट वाटते. सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात तो सांगतो की औषधी स्वभावतः प्रसिद्ध आहेत, त्यांच्यावर तर्क चालवू नये, शहाण्याने त्या शास्त्राधाराने वापराव्यात आणि हेतू लावून त्यांची परीक्षा कधीही करू नये. अंबष्ठादी गणातली द्रव्ये मल बांधणारी आहेत. हजार हेतू मांडले तरी ती जुलाब घडवणार नाहीत. हा श्लोक पुढे करून कुणी म्हणतात की आयुर्वेदाला परीक्षा मान्यच नव्हती. कुणी त्याचाच आधार घेऊन सांगतात की परीक्षेची गरजच नाही. दोघांचेही वाचन अपुरे आहे. त्याच ठिकाणी औषधींना प्रत्यक्ष लक्षण आणि प्रत्यक्ष फळ असलेल्या म्हटले आहे. नाकारलेला आहे तो बसल्या जागी केलेला युक्तिवाद, डोळ्यांनी पाहणे नव्हे. हजार हेतूंनीही जुलाब होणार नाही, या वाक्याचा सगळा जोर अनुभवावर आहे. हाच सुश्रुत शारीरस्थानात प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात बांधून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवून, वाळ्याच्या कुंच्याने थर-थर खरवडत आतले अवयव पाहायला सांगतो, आणि शास्त्रात वाचलेले व डोळ्यांनी पाहिलेले एकत्र आले की ज्ञान वाढते असे म्हणतो. त्याला परीक्षेचा शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल.

मात्र आप्तवचनाचे नेमके वजन किती, हे त्यातून ठरत नाही. हळदीच्या खटल्याने ते एका बाजूने दाखवून दिले. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. पुराव्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा 1953 चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. महाराष्ट्रात या विजयाचा सार्थ अभिमान आहे. पण पेटंट कार्यालयाने त्या ग्रंथांतून काय मान्य केले हे नीट पाहावे लागते. हे ज्ञान नवे नाही, एवढेच. हळदीने जखम भरते हे खरे आहे का, हा प्रश्न तिथे नव्हता. ग्रंथात आहे म्हणून नवे नाही, आणि ग्रंथात आहे म्हणून खरे आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याच्या विजयाने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

एकदांडीचे उदाहरण दुसरी बाजू दाखवते. बांधावर, पडीक रानात, देवनहळ्ळीच्या रस्त्याकडेला तसेच मराठवाड्यातल्या शाळेच्या मैदानावर उगवणारी, उंच देठावर पिवळसर-पांढरे फूल असलेली ही वनस्पती. तिची मराठी नावेच तिचे काम सांगतात: कुठे दगडी पाला, कुठे कंबरमोडी, कुठे चक्क जखमजोडी. गुडघा फुटला की पाला हातावर चोळून रस जखमेवर पिळायचा, हे गावातल्या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. ही वनस्पती मूळची मात्र अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. युरोपीय जहाजे त्या खंडाला लागल्यानंतरच ती इकडे येऊ शकली, म्हणून चरक-सुश्रुताच्या संहितांत ती असणे शक्य नाही. तिच्यामागे ऋषी नाही, पोथी नाही. आहेत ती फक्त काही शतकांच्या मुलांची फुटलेली ढोपरे. आप्तवचनाचा अर्थ ग्रंथवचन एवढाच घेतला तर एकदांडीला वैद्यकात जागाच उरत नाही. चरकाच्या मेंढपाळाला आप्त मानले तर ती आत येते, पण नावरूपाच्या पायरीपर्यंतच. पुढच्या पायरीसाठी परीक्षा लागते.

अशी पायरी चढण्याचे काम बेंगळुरूच्या आसमंतात पुष्कळ चालते. दर्शन शंकर 1980 च्या दशकात कर्जत तालुक्यातल्या आदिवासी भागात काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये लोकस्वास्थ्य परंपरांसाठी जे प्रतिष्ठान सुरू झाले ते आज येलहंक्याजवळ विद्यापीठाच्या रूपात उभे आहे आणि औषधी वनस्पतींचे नमुने व लोकज्ञान जपते. राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न फार्मसी महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधासाठी एखाद्या वनस्पतीचा ‘जखम भरण्याचा गुण’ तपासणे हा तर ठरलेल्या विषयांपैकी एक.

परीक्षा प्रत्यक्षात अशी होते. पाला सावलीत वाळवून भरड पूड करतात, अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात अर्क काढतात, अर्क आटवून साध्या मलमात ठरावीक टक्क्यांनी मिसळतात. दीड-दोनशे ग्रॅम वजनाचे पांढरे उंदीर, बहुधा सहा-सहाच्या गटांत. एका गटाला नुसते मलम, एकाला पोव्हिडोन आयोडीनसारखे माहितीतले औषध, उरलेल्यांना अर्काच्या दोन मात्रा. म्हणजे एका पद्धतीला चोवीस जीव. भूल देऊन पाठीवरचे केस काढतात आणि सुमारे 500 चौरस मिलिमीटर कातडी पूर्ण जाडीची कापून काढतात. अडीच सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, उंदराच्या पाठीच्या मानाने मोठेच. जखम पाठीवर करायची, कारण तिथे त्याची जीभ पोचत नाही. यानंतर प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात, नाहीतर एकमेकांच्या जखमा ते कुरतडतात. दर काही दिवसांनी पारदर्शक कागद जखमेवर धरून शाईने कड गिरवायची, तो आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. खपली गळून खाली ओली जागा उरली नाही तो दिवस नोंदवायचा.

दुसऱ्या पद्धतीत कण्याच्या बाजूला सहा सेंटिमीटर लांब चीर देतात, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर टाके घालतात, आठवड्याने टाके काढतात आणि दहाव्या दिवशी भूल देऊन जुळलेल्या चिरेच्या दोन्ही कडांना चिमटे लावतात. एका चिमट्याला भांडे टांगलेले असते. त्यात संथ धारेने पाणी सोडतात. भांडे जड होत जाते, चीर ताणली जाते, आणि एका क्षणी उघडते. त्या क्षणीच्या पाण्याचे वजन म्हणजे जखमेची ताकद. भरलेली जखम किती भरली हे कळण्यासाठी ती पुन्हा फाडावी लागते, आणि हिंसेचा प्रश्न इथे सगळ्यात उघडा पडतो. तिसऱ्या पद्धतीत कातडीखाली निर्जंतुक कापसाची गोळी ठेवून तिच्याभोवती वाढलेली नवी ऊती काढतात, वाळवून तोलतात आणि तिच्यातले हायड्रॉक्सिप्रोलीन मोजतात. त्यावरून कोलॅजन किती तयार झाले ते समजते.

या सगळ्यातून काही नवे हाती लागते का? कधी कधी नक्कीच लागते. एकदांडीवरच्या, 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उंदरांना डेक्सामेथासोन हे जखम भरणे रोखणारे औषध देऊन पाहिले होते. एकदांडीने वरची त्वचा येण्यातला आणि जखमेच्या ताकदीतला अडथळा दूर केला. जखम आकसण्यावरचा अडथळा मात्र तसाच राहिला. ‘जखम भरते’ या एका शब्दात दोन-तीन वेगळ्या क्रिया दडल्या आहेत आणि पाला त्यांतल्या काहींनाच हात लावतो, हे ढोपरावर रस पिळून कधीच कळले नसते. इथे परीक्षेने आजीच्या शब्दावर शिक्का मारला नाही, त्या शब्दाचा अर्थ उलगडला.

पण उंदरावरून माणसाकडे जाणारे अनुमान कच्चे आहे, आणि ते नेमके कुठे कच्चे आहे हे नैयायिकांच्या भाषेत चांगले सांगता येते. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. जिथे अग्नी तिथे धूर, ही कच्ची, कारण धूर यायला ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला ते ‘उपाधी’ म्हणतात. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ पडदा असतो. जखम झाली की तो पडदा कडा ओढून घेतो, म्हणून उंदराची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसात हा पडदा जवळपास नाही. त्याची जखम तळातून नव्या ऊतीने भरत येते आणि कडेने त्वचा तिच्यावर सरकते. ‘उंदरात लवकर मिटली म्हणून माणसात लवकर मिटेल’ या अनुमानात तो स्नायूचा पडदा हीच उपाधी. जखमेभोवती सिलिकॉनचे कडे शिवून आकसणे थांबवण्याची युक्ती पुढे निघाली, पण असंख्य प्रबंधांत ती वापरलेली नसते, आणि ‘अमुक टक्के आकसली’ या आकड्यावरच गुण सिद्ध झाल्याचे लिहिले जाते.

यानंतर धर्माचा प्रश्न.

जैन परंपरेने हिंसेची व्याख्या मोठ्या नेमकेपणाने केली आहे. तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमादयुक्त वृत्तीने प्राणांचा घात करणे म्हणजे हिंसा. या व्याख्येने शल्यचिकित्सक सुटतो: त्याच्या हातून वेदना होते, पण त्याची वृत्ती रोग्याच्या हिताची असते. पुण्याचा कारागीर सुटतो तो असा. उंदराच्या पाठीवर चाकू चालवणारा विद्यार्थी मात्र इतक्या सहज सुटत नाही. त्याला क्रोध नाही, लोभ असलाच तर पदवीचा. पण समोरच्या जिवाचे हित त्याच्या मनात असूच शकत नाही. राष्ट्रकूटांच्या काळात उग्रादित्य या जैन मुनींनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. त्यात मांस, मद्य आणि मध टाळून चिकित्सा सांगितली आहे, आणि औषध म्हणून मांस वापरू नये यासाठीचा वाद राजा नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत केल्याचे सांगणारे प्रकरणही आहे. हा ग्रंथ 1940 मध्ये सोलापुरातून छापून प्रसिद्ध झाला. उग्रादित्यांचा युक्तिवाद फक्त दयेचा नाही, तो वैद्यकीय आहे: एकाला मारून दुसऱ्याला बरे करणे चिकित्सेच्या स्वभावातच बसत नाही.

वैदिक परंपरेत हाच वाद यज्ञातल्या पशूवरून झाला. मीमांसकांचे म्हणणे असे की हिंसा करू नये हा सामान्य नियम आहे आणि यज्ञात पशू द्यावा हा त्याचा अपवाद आहे. अपवाद आला की तेवढ्यापुरता नियम मागे हटतो, आणि म्हणून दोष उरत नाही. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात वेदविहित कर्माला अशुद्ध म्हणायला नकार दिला. सांख्यांनी हे मानले नाही. नवव्या-दहाव्या शतकातल्या वाचस्पती मिश्रांनी सांख्यतत्त्वकौमुदीत जो मुद्दा मांडला तो आजही ताजा आहे. हिंसा करू नये हे वाक्य सांगते की हिंसेने करणाऱ्याचे अनिष्ट होते. पशू द्यावा हे वाक्य सांगते की त्याने यज्ञ पुरा होतो. दोन्ही वाक्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यांत विरोधच नाही, मग एकाने दुसऱ्याला हटवायचे कशासाठी? पशूचा वध यज्ञाला उपकारक आहे आणि तो करणाऱ्याला दोषही लावतो. दोन्ही एकाच वेळी खरे. दोष अल्प असेल, प्रायश्चित्ताने निवारता येईल, पण तो आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन सुरू करताना ज्ञानेश्वर आधी मीमांसेच्या या हिशेबाचा समाचार घेतात आणि मग थेट आयुर्वेदाकडे वळतात. रोगाने तळमळणारे जीव पाहून त्यांची पीडा टाळण्यासाठी चिकित्सा निघाली. आणि त्या चिकित्सेत कुणाचे कंद खणले, कुणाला मुळापानांसकट उपटले, कुणाची साल सोलली, कुणाला पुटात उकडले, ज्यांचे कुणाशी वैर नाही अशा झाडांच्या सर्वांगावर शिरा पाडून त्यांना कोरडे केले, प्राण्यांनाही हात घालून पित्त काढले, आणि मग दुसरे जीव वाचवले. राहती घरे मोडून देवळे बांधावीत, तशी ही गोष्ट त्यांना दिसते. उकळत्या पाण्यातला खैराचा गाभा डोळ्यांसमोर आणला की या ओळींचा अर्थ अंगावर येतो. ज्ञानेश्वर औषध घेऊ नका असे सांगत नाहीत. एकाला वाचवले या जमेने दुसऱ्याला दुखावल्याचा खर्च पुसला जातो, हा हिशेब त्यांना मान्य नाही.

आजच्या प्रयोगशाळेत मीमांसकांच्या अपवादाची जागा कायद्याने घेतली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातले चौदावे कलम प्रयोगांना परवानगी देते, पण हेतू सांगून: नव्या शोधाने ज्ञानात भर पडावी, किंवा जीव वाचवणाऱ्या, वेदना हलकी करणाऱ्या ज्ञानासाठी. सतरावे कलम भूल द्यायला लावते, शक्य तिथे प्रयोग टाळायला सांगते, आणि नुसता हात बसावा म्हणून प्रयोग शक्यतो करू नये असेही सांगते. हा शेवटचा मुद्दा सुश्रुताच्या ओळखीचा आहे. त्याने शिष्याचा हात बसवण्यासाठी छेदन कोहळा, दुध्या, कलिंगड आणि काकडीवर, भेदन पाण्या-चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर, शिवण मऊ कातड्यावर व कापडावर, आणि पट्टी बांधणे माणसाएवढ्या बाहुल्यावर शिकवायला सांगितले होते. शिकण्यासाठी जिवंत शरीर लागत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

संस्थेच्या नैतिकता समितीत पशुवैद्य असतो, विज्ञानाबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्य असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. त्यांची सही झाली की प्रयोग विहित होतो. मीमांसकांच्या बाजूने पाहिले तर विषय इथे मिटला, आणि बहुतेक प्रबंधांत तो तसाच मिटलेला दिसतो: मंजुरीचा क्रमांक, एक ओळ, पुढचा परिच्छेद. सांख्यांची बाजू जास्त खरी आहे, कारण ती समोर दिसणाऱ्या दोन्ही गोष्टी मान्य करते. समितीची सही प्रयोग वैध करते. पाणी भरत जाणाऱ्या भांड्याने ताणलेली चीर दुखरी नाही, असे ती करू शकत नाही. दोष उरतो, म्हणूनच त्याचे निवारण कर्तव्य होते. ते निवारण इथे मंत्राने होण्यासारखे नाही. उंदरांची संख्या संख्याशास्त्राला लागेल तेवढीच ठेवणे, जखमेनंतरच्या दिवसांतही वेदनाशामक देणे (फक्त कापताना भूल दिली की झाले, असे नाही), आणि अर्क निरुपयोगी ठरला तरी ते छापणे, म्हणजे दुसऱ्या गावी तोच अर्क पुन्हा चोवीस पाठींवर तपासला जाणार नाही. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत कमी पाळली जाते, कारण ‘गुण आढळला नाही’ असा निष्कर्ष कुणाला मिरवावासा वाटत नाही.

याच मोजपट्टीने प्रयोगांत फरक करता येतो. डेक्सामेथासोन देऊन एकदांडीचे नेमके काम शोधणारा प्रयोग चौदाव्या कलमातल्या ‘नव्या शोधा’च्या जवळ जातो. कित्येकदा तपासलेली हळद किंवा कोरफडीचा गर आणखी एका प्रबंधासाठी आणखी एकदा पोव्हिडोन आयोडीनच्या शेजारी ठेवून, आधीच ठाऊक असलेल्या उत्तरापर्यंत पोचणारा प्रयोग त्या कलमात बसवणे अवघड आहे. तिथे जखम ज्ञानासाठी होत नाही, वेळापत्रकासाठी होते; आणि ज्ञानाचा हेतू गळून पडला की तत्त्वार्थसूत्राच्या प्रमादापासून ती वेगळी काढता येत नाही.

काही पायऱ्या जीव न दुखावता चढता येतात. काचेच्या तबकडीत त्वचेतल्या पेशींचा सलग थर वाढवून त्यावर बारीक टोकाने ओरखडा काढतात आणि तासातासाने पेशी त्या फटीत कशा सरकतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहतात. जो अर्क इथेच पेशी मारतो तो उंदरापर्यंत नेण्याची गरज उरत नाही. 2023 मध्ये नव्या औषधांच्या भारतीय नियमांत दुरुस्ती होऊन अशा प्राणीविरहित पद्धतींना मान्यता मिळाली.

शेवटची पायरी माणसाची, आणि तिथे प्रश्नाचे रूप बदलते. भाजलेल्या रोग्याला कातडी बसवायची असते तेव्हा सर्जन त्याच्याच मांडीवरून पातळ थर काढतो. मांडीवर उरते ती एकसारख्या खोलीची, एकाच क्षणी झालेली, सरळ कडांची जखम, म्हणजे जशी प्रयोगासाठी हवी असते अगदी तशी. पण ती केलेली असते रोग्याच्या स्वतःच्या उपचारासाठी, कावसजीच्या कपाळासारखी. तिच्या अर्ध्या भागावर नेहमीची पट्टी आणि अर्ध्यावर अर्काचे मलम लावले की दोन्ही बाजूंना तेच शरीर, तेच रक्त, तेच वय मिळते, आणि उंदराच्या स्नायूपडद्याची उपाधी मध्ये येत नाही. रोग्याला त्याच्या भाषेत, देवनहळ्ळीत कन्नडमध्ये आणि सोलापुरात मराठीत, काय लावणार, काय होऊ शकते आणि कोणत्याही दिवशी नको म्हणता येते हे सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. मलम लावलेल्या अर्ध्यात जंतुसंसर्ग दिसला तर प्रयोग तिथेच थांबवून दोन्ही भागांना एकच उपचार सुरू होतो.